चोवीस तासांची लघवी

१

सोमवारी सकाळी डॉ. आपटीकरांनी फायलीवर लाल शाईने एक ओळ लिहिली आणि निशा गव्हाणेच्या जगण्याचा एकमेव रस्ता बंद केला. ओळ अशी: ‘दाता बाद. स्टिरॉइडमुळे मूत्रपिंडाला इजा.’

दाता म्हणजे निशाचा थोरला भाऊ सूरज. वय एकतीस, वजन एक्क्याण्णव किलो, राहणार वाघोली. सहा वर्षांपूर्वी, २००२ साली, त्याने ‘वाघोली श्री’चा पट्टा जिंकला होता आणि त्यापायी दीड वर्ष कुल्ल्यात स्टिरॉइडच्या सुया टोचून घेतल्या होत्या. २००३ मध्ये त्याने ते सगळं सोडलं. ही हकिगत त्याने पहिल्याच भेटीत, कुणी न विचारता सांगितली होती. ती फायलीच्या पहिल्या पानावर होती, आणि तिथून पुढचं एकही पान कुणी धड वाचलं नव्हतं.

निशा एकोणतीस वर्षांची. खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर, तिथेच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. दोन वर्षं डायलिसिसवर. दोन्ही हातांतल्या नसा बंद पडल्या, म्हणून मानेत नळी घातलेली, आणि त्या नळीत महिन्यात दोनदा पू झालेला. ‘ही नळी गेली तर पुढची कुठे घालायची ते मला माहीत नाही,’ असं आपटीकर तिच्या तोंडावर म्हणाले होते. घरात रक्तगट जुळणारी माणसं दोनच, आई सरुबाई आणि सूरज. आई मधुमेहामुळे आधीच बाद झाली होती. आता सूरजही.

दात्याला मंजुरी देणाऱ्या मान्यता समितीची बैठक गुरुवारी होती. त्यानंतरची महिन्याने. नळी महिना काढेल असं छातीठोक सांगायला कुणी तयार नव्हतं.

बाद झालेल्या दात्याची फाइल बंद करायचं काम मंदाकिनी खळदकरचं. प्रत्यारोपण विभागाची ही समाजसेविका कोथरूडहून स्कूटरवर येते, सत्तेचाळीस वर्षांची आहे, आणि तिच्याशी बोलायला शिकाऊ डॉक्टर घाबरतात. फाइल बंद करताना सगळे आकडे हाताने एका फॉर्मात उतरवायचे, अशी इथली जुनी रीत. मंदाकिनी अकरा वर्षं हे आकडे उतरवत होती.

सूरजच्या चोवीस तासांच्या लघवीचा रिपोर्ट. प्रथिनं ११४० मिलिग्रॅम. निरोगी माणसाच्या लघवीत दीडशेच्या आत असतात. म्हणजे किडनी गळतेय. इथवर आपटीकर बरोबर होते.

त्याच्या खालची ओळ: क्रिएटिनिन ६३० मिलिग्रॅम.

मंदाकिनीचं पेन थांबलं. क्रिएटिनिन हा स्नायूंचा कचरा. जेवढं मांस अंगावर, तेवढा तो दिवसभरात लघवीवाटे बाहेर पडतो. अकरा वर्षांत तिने धडधाकट पुरुषाचा हजाराखालचा आकडा उतरवला नव्हता. सूरजसारख्या रेड्याचा दोन हजारांच्या आसपास हवा. सहाशे तीस म्हणजे वाळलेली, म्हातारी कुडी.

ही लघवी सूरजची नव्हती.

२

“अर्ध्याच दिवसाची भरून आणली असेल,” आपटीकर मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाले.

“सव्वादोन लिटर आहे, डॉक्टर. अर्ध्या दिवसाची नाही.”

“मग लॅबची चूक. मॅडम, आपण समाजसेवा बघा. या जिमवाल्यांना मी वीस वर्षं ओळखतो. सोडलं म्हणतात आणि मागच्या दाराने घेतात. रक्तातलं क्रिएटिनिनही वरच्या काठावर आहे त्याचं.”

“अंगावर मांस असलं की ते असतंच काठावर. आपणच शिकवलंत.”

“मी बरंच शिकवतो,” आपटीकर म्हणाले. “दार लावून घ्या जाताना.”

मंदाकिनीने दार उघडंच ठेवलं आणि तळघरातल्या लॅबमध्ये गेली. तिथे कॅन देणं, घेणं आणि मोजणं कांताबाईंकडे असतं. दाता पाच लिटरचा पांढरा कॅन घरी नेतो, सकाळची पहिली लघवी सोडून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी त्यात साठवतो आणि आणून देतो. कॅनवर नावाचं स्टिकर असतं.

“वाघोलीचा पैलवान ना? आठवतोय की,” कांताबाई म्हणाल्या. “बारा दिवस झाले. दोन कॅन घेऊन आला होता, स्वतःचा आणि आईचा. मी हसले त्याला. म्हटलं, एवढा मोठा पैलवान आणि कॅनला साडीची हिरवी चिंधी? तर चेहरा पाडून बघत राहिला.”

“चिंधी सूरजच्या कॅनला होती?”

“नाव त्याचंच होतं. मी वाचूनच बोलले. आणि हो, स्टिकरवर कापडी पट्टी चिकटवलेली, पांढरी. दोन्ही कॅनवर. आम्ही तसली पट्टी लावत नाही. म्हटलं ओलं होऊन सुटलं असेल, घरी चिकटवलं असेल.”

मंदाकिनीला एक गोष्ट एकदम आठवली. सरुबाईंचीही लघवी तपासायला घेतली होती. रक्तात साखर निघाली म्हणून म्हातारी दुसऱ्याच दिवशी बाद झाली, आणि तिचा लघवीचा रिपोर्ट आला तेव्हा तो बघायची कुणाला गरजच उरली नव्हती. तो तसाच न वाचता तिच्या बंद फायलीत गेला होता.

रेकॉर्ड रूममध्ये ती फाइल सापडायला वीस मिनिटं लागली. सरुबाई हिंदुराव गव्हाणे, वय चौसष्ट, वजन अठ्ठेचाळीस किलो. प्रथिनं ७० मिलिग्रॅम. क्रिएटिनिन २०६०.

अठ्ठेचाळीस किलोच्या म्हातारीच्या अंगात पैलवान मुतत होता. मंदाकिनीने दोन्ही कागद शेजारी ठेवले. कुणीतरी आई आणि मुलाची नावं बदलली होती.

३

मंगळवारी सकाळी ती वाघोलीला पोचली. गव्हाण्यांचा बंगला नवाकोरा, समोरच्या त्यांच्याच रानात बिल्डरचा बोर्ड, आणि बोर्डावर एका गोऱ्या कुटुंबाचं हसू.

हिंदुराव ओट्यावर बसले होते. त्यांनी लपवाछपवी केली नाही.

“बरं झालं सूरज बाद झाला ते. देवाच्याच मनात न्हाई. पोरगी काय, उद्या परक्याची. तिच्यापायी पोराचं पोट फाडायचं व्हय?”

“परक्याची म्हणता, पण रानाच्या कागदावर सही तिची लागते ना आता?”

म्हाताऱ्याने नजर बोर्डाकडे वळवली. “त्यो पोरींच्या वाट्याचा नवा कायदा. बिल्डरला दिवाळीपातूर समद्यांच्या सह्या पायजेत. निशी म्हणती, आधी बरी होते, मग बघू.”

“म्हणजे ती बरी झाली नाही तर तुमचं काम सोपं.”

“बाई, तोंड सांभाळून बोला. बाप हाय मी तिचा.”

“म्हणून तर विचारतेय. ते कॅन घरात होते तेव्हा तुम्ही हात लावला होता?”

“मुताच्या डब्याला?” हिंदुराव बाजूला थुंकले. “आजून येवडे वाईट दिस न्हाई आले.”

आत सूरजची बायको दीपमाला भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

“मला नकोच होतं ऑपरेशन. दोन पोरं आहेत मला. पण मी ह्यांच्या तोंडावर सांगितलंय, निशाताईंच्याही. चोरून करायची मला गरज नाही.”

“आणि ती हिरवी चिंधी?”

“मीच बांधली, सासूबाईंच्या कॅनला. आत्यांना वाचता येत नाही, दोन्ही कॅन सारखेच दिसायचे. म्हटलं, चिंधीवाला तुमचा. आत्यांचा खालच्या मोरीत होता, ह्यांचा वरच्या बाथरूममध्ये. सकाळी दोन्ही ओट्यावर आणून ठेवले, ह्यांनी जीपमध्ये टाकले.”

“चिंधीचं सूरजला सांगितलं होतं?”

“ते बायकांच्या मोरीकडे फिरकत नाहीत. कशाला सांगू?”

सरुबाई परसात तांदूळ निवडत होत्या. निशाचं नाव काढताच त्यांचे डोळे भरले. “माजीच घ्या म्हनलं हुतं मी. साखरेनं खोडा घातला. धा वर्सं गावातला डाक्टर गोळी देतुया.”

“लघवी कधी तपासली होती, सरुबाई?”

“कशापायी? हुती की येवस्थित. जरा फेस येतुया, साबनावानी. मोरीतल्या साबनाचाच आसंल.”

फेस कशाचा ते मंदाकिनीला कळलं. दहा वर्षांची साखर म्हातारीची किडनी पोखरत होती, आणि या घरात, या गावात कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

मग तिच्या डोक्यात दुसरा प्रश्न उभा राहिला. सूरजला नापास करायचं होतं, तर म्हातारीची लघवी कशाला? ती खराब आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कॅन लवंडून दिला असता तरी तपासणी लांबली असती.

ज्याने नावं बदलली, त्याला सूरजला नापास करायचंच नव्हतं.

४

सूरज ज्या जिममध्ये घडला, ती नगर रोडलाच एका टायरच्या दुकानावर आहे. मालक दशरथ, मान नसलेला माणूस. भिंतीभर उघड्या अंगांचे फोटो. मंदाकिनीला बघून त्याने आधी रेडिओ बंद केला.

“सूरजचं ऐकलं. वाईट झालं. पण मॅडम, आपण कुणाच्या हातात सुई देत नाय. ज्याचं त्यानं आणायचं.”

“आणि टोचायचं कुणी?”

दशरथने पाण्याची बाटली तोंडाला लावली.

“त्याने २००३ मध्ये सोडलं ते खरं का?”

“शंभर टक्के. बहिणीचं कळायच्या आधीच सोडलेलं. रक्तदाब चढला होता त्याचा, टरकला. आता फक्त दंड-बैठका आणि अंडी. पण लोक काय मॅडम, एकदा सुईवाला म्हणलं की मरेस्तवर सुईवाला. सासुरवाडीला लग्नात त्याला ‘काय इंजेक्शन’ म्हणूनच हाक मारतात.”

शेजारी बाकावर एकजण मनगटाला पांढरी कापडी पट्टी गुंडाळत होता. मंदाकिनीने त्या गुंडाळीकडे बघितलं.

“ही पट्टी कुठे मिळते?”

“मीच देतो. घट्ट चिकटते, घामाने सुटत नाय. सूरजच्या जीपमध्येपण पडलेली असते.”

“दशरथ, स्पर्धेत तुमची तपासणी व्हायची ना? मग हे सगळे पास कसे झाले?” तिने भिंतीवरच्या फोटोंकडे बोट केलं.

दशरथला हसू आवरेना. जुनी लबाडी सांगताना पुरुषांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते त्याच्या चेहऱ्यावर आलं. “आता काय सांगायचं! खाली टायरवाल्याचा वॉचमन होता, माळकरी. दारू नाय, मटण नाय, चहापण नाय. लय शुद्ध माणूस. अख्ख्या जिमने त्याचीच भरून दिली. आठ बाटल्या, नावं आठ, माल एकाचा. सगळे पास!”

“सूरजपण?”

हसू विरलं. उत्तर त्यातच आलं.

५

सूरज रुग्णालयाच्या वाहनतळावर सापडला. मंगळवारी निशाचं डायलिसिस असतं, तो तिला आणतो आणि चार तास थांबतो. काल बाद झाल्यामुळे आज तो वर वॉर्डात न जाता जीपमध्येच बसून होता. मंदाकिनी दार उघडून शेजारच्या सीटवर बसली. पायाशी कापडी पट्टीची गुंडाळी लोळत होती.

“नावं तू बदललीस,” ती म्हणाली.

“कसली नावं?”

“सूरज, माझ्याकडे वेळ नाही आणि तुझ्या बहिणीकडे त्याहून नाही. मुकाट्याने ऐक. आईला वाचता येत नाही, तिला स्टिकर कळत नाही. दीपमालाने चिंधी बांधली होती. तिने बदललं असतं तर चिंधीही बदलली असती. तुझ्या वडिलांना तू नापास व्हावास असं वाटतं, पण त्यासाठी आईची लघवी खराब आहे हे माहीत हवं, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. उलट सगळ्यांच्या लेखी ती शुद्ध. उपासतापास करणारी बाई. म्हणजे नावं बदलणाऱ्याला तू पास व्हायला हवा होतास, आणि तुझी लघवी पास होणार नाही अशी त्याला खात्री होती. शुद्ध माणसाचा माल स्वतःच्या नावावर द्यायचा, ही युक्ती कुठली ते मी आत्ताच दशरथकडून ऐकून आले. जीपमध्ये दोन्ही कॅन घेऊन एकटा कोण होता?”

सूरजने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. त्या रुंद पाठीतून आवाज आला तो लहानशा माणसाचा.

“वाघोलीहून निघालो आणि मांजरीच्या फाट्यावर गाडी थांबवली. मला वाटलं, पाच वर्षांपूर्वीचं असलं तरी निघेल. यांच्या मशीनमध्ये निघेलच. मग निशाचं काय? आईने आयुष्यात कांदासुद्धा चातुर्मासात खाल्ला नाही. म्हटलं आईचं चोख असणार.” तो थांबला. “मग काल डॉक्टरांनी बोलावलं आणि म्हणाले, स्टिरॉइडने किडनी गेली तुझी. मॅडम, आईच्या लघवीत त्यांना माझी सुई दिसली.”

अकरा वर्षांच्या नोकरीत डॉक्टरकीवर एवढी खरी टीका मंदाकिनीने ऐकली नव्हती, आणि ती करणाऱ्याला टीका करायचीही नव्हती.

“तेव्हाच का नाही बोललास?”

“काय बोलू? नाव बदललं म्हटलं की चोर. चोराची किडनी समिती घेईल? आणि आईचंच एवढं वाईट, तर माझं किती असेल? मी... मला ते कळूनच घ्यायचं नव्हतं.”

“आणि आईचं वाईट आहे, हे कळूनही तू गिळून बसलास.”

“हो.”

“ते कुठल्याच सुईपेक्षा वाईट केलंस,” ती म्हणाली आणि पर्समधून सरुबाईंच्या नावाचा कागद काढून त्याच्या मांडीवर ठेवला. “हा वाच. नाव आईचं आहे, लघवी तुझी.”

तो आकड्यांवर बोट फिरवत राहिला. त्याला काही उमजेना.

“सत्तर. दीडशेच्या आत असलं की चालतं. तू पास झाला होतास, गाढवा. स्वतःच्या जिवावर.”

६

निशाला सांगायचं काम मंदाकिनीने घेतलं नाही. “तू केलंस, तूच निस्तर,” एवढं म्हणून ती त्याला वॉर्डाच्या दारापर्यंत घेऊन गेली.

मशीन घुमत होतं. निशाच्या मानेतल्या नळीतून रक्त जात-येत होतं. सूरज पलंगाशी उभं राहून, तिच्या पायांकडे बघत सगळं बोलला. निशाची नजर छतावर होती.

“दादा, मी टेस्टर आहे रे,” ती म्हणाली. “दिवसभर तेच करते. रिझल्ट खराब येईल म्हणून कुणी डेटा बदलला ना, की त्याला टीममधून काढतात.”

“मला काढ मग.”

“काढलं असतं. दुसरा भाऊ नाहीये.” आणि मग एकदम तिचा आवाज चढला. “काल दिवसभर मी तुला शिव्या दिल्या. सुईसाठी. काय काय बोलले मी. तू ऐकून का घेतलंस?”

तिने नळी नसलेल्या बाजूचा हात पुढे केला आणि त्याची करंगळी जोरात पिरगाळली. तो ओरडलाही नाही.

आपटीकरांनी दोन्ही रिपोर्ट पाहिले आणि त्यांची नजर पहिल्यांदा मोबाइलवरून उठली. पण माघार घ्यायची सवय नव्हती.

“नमुन्यात फसवणूक करणारा दाता मी समितीपुढे नेणार नाही.”

“नेऊ नका,” मंदाकिनी म्हणाली. “मग मी नेते. सगळं लेखी देईन. त्याने नाव बदललं, हे देईन. सहाशे तीसचा आकडा सोमवारी तुम्हाला दाखवला, तेव्हा तुम्ही मला दार लावायला सांगितलंत, तेही देईन. आणि चौसष्ट वर्षांच्या बाईच्या लघवीवर तुम्ही ‘स्टिरॉइडमुळे इजा’ असं लिहिलंत, तो कागद तर फायलीत आहेच. लाल शाईत.”

आपटीकरांनी पॅड पुढे ओढलं.

“उद्या सकाळी सातपासून पुन्हा गोळा करा,” आपटीकर म्हणाले. “इथेच. देखरेखीखाली.”

“संप्रेरकांची चाचणीही लिहा. आज घेत असेल तर रक्तात दिसेल. नसेल तर तेही दिसू दे.”

त्यांनी लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा वाचण्यासारखं होतं.

बुधवारी सात ते गुरुवारी सात, सूरज विभागातल्या बाकावर बसून होता. शेजारी कॅन, समोर कांताबाई. त्या त्याला बाथरूमच्या दारापर्यंत पोचवायच्या आणि परत आणायच्या. “पैलवान, या वेळी चिंधी नाही हं,” त्या दर खेपेला म्हणायच्या, आणि तो दर खेपेला मान खाली घालायचा. दुपारी दीपमाला डबा घेऊन आली. डबा त्याच्या हातात देऊन ती मंदाकिनीसमोर उभी राहिली.

“माझी संमती लागते ना समितीला? मला अजूनही भीतीच वाटते, तसंच लिहा. पण सही करते. दोन आठवडे या माणसाने घास नीट खाल्ला नाही. असा नवरा घेऊन मी काय करू?”

गुरुवारी दहाला रिपोर्ट आले. प्रथिनं ८२. क्रिएटिनिन २०९०. संप्रेरकं एखाद्या साध्या, सुई न लागलेल्या माणसासारखी. पाच वर्षांपूर्वी सोडलं म्हणणारा माणूस पाच वर्षांपूर्वीच सोडून बसला होता.

समितीत पाच जण होते. अध्यक्षांनी रिपोर्ट उलटसुलट पाहिले. “मागे स्टिरॉइड घेतलं होतं, हे अडचणीचं नाही. किडनी चांगली आहे, रक्तदाब ठीक आहे, आता घेत नाहीये. अडचण वेगळी आहे. सूरजराव, तुम्ही आम्हाला फसवलंत. उद्या काही लपवणार नाही याची खात्री काय?”

“काही नाही, साहेब,” सूरज म्हणाला. “तुम्ही दर वेळी बघत बसा.”

अध्यक्ष निशाकडे वळले. “आणि तुम्ही? या माणसावर भरवसा ठेवून ऑपरेशनला तयार आहात?”

“किडनी घेते, सर,” निशा म्हणाली. “डोकं त्याचं त्यालाच राहू दे.”

एक सदस्य खोकल्याचं सोंग करून हसले. शिक्का बसला. ऑपरेशन मंगळवारी, आणि आपटीकरांनी लाल ओळीवर काट मारून खाली सही केली. कारण लिहिलं नाही. मंदाकिनीने फाइल परत त्यांच्यापुढे ढकलली आणि कारण लिहीपर्यंत तिथून हलली नाही.

बाहेर बाकावर सरुबाई बसल्या होत्या. सूरजने मंगळवारी रात्रीच त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांच्या हातात त्यांच्या स्वतःच्या नावाचा नवा केसपेपर होता, किडनीच्या बाह्यरुग्ण विभागाचा. तो त्यांनी उलटा धरला होता. मंदाकिनी शेजारी बसली आणि सांगू लागली: गोळ्या आहेत, मीठ कमी करायचं, वेळेत कळलंय. म्हातारीचं तिकडे ध्यान नव्हतं.

“बाई, येक इचारू? खरं सांगशीला?”

“खरंच सांगते मी.”

“माज्या लघवीनं पोरीचं आडलं व्हय?”

वॉर्डाच्या दारातून आपटीकर बाहेर येत होते. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मंदाकिनी म्हणाली, “नाही, सरुबाई. तुमच्या लघवीनं खरं तेच सांगितलं होतं. आम्हीच वाचलं नाही.”